बटण सोडायला लागणारा वेळ

नवा रुग्ण आला की आमच्याकडे चार पानांचा फॉर्म भरावा लागतो. चालीचा वेग, पावलाची लांबी, खुर्चीतून उठायला लागणारे सेकंद, प्रत्येक गोष्टीला रकाना आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘इतर’ असा एक रकाना आहे आणि त्याला जेमतेम दोन ओळींची जागा. किस्से तिथे साचतात. बाकीचा फॉर्म मी आजवर नियमाने, चौकटीत राहून भरला. ‘इतर’ मात्र कायम पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गेलं, आणि तिथेही मावलं नाही.

एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढू नये, किस्सा म्हणजे पुरावा नव्हे, असं मला शिकवलं गेलं आणि ते मला आजही पूर्ण मान्य आहे. तेव्हा पुढे जे सांगते आहे त्यातून कुणी औषध, व्यायाम किंवा निष्कर्ष काढू नये. नावं बदललेली आहेत. ज्यांचे किस्से आहेत त्यांना ते आधी वाचून दाखवले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चिंचवडमधल्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी सकाळी दहा वाजता कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांचा वर्ग घेते. मेंदूच्या तळाशी, फार खोलवर, चेतापेशींचे काही गाभे असतात. हालचालीचा हुकूम वरून सुटतो. पण ती कधी सुरू व्हावी, किती मोठी व्हावी आणि नेमकी कधी थांबावी, याचा हिशेब हे गाभे ठेवतात. त्यांतल्या एका गाभ्यातल्या पेशी मरू लागल्या की तो हिशेब बिघडतो. हातापायांत ताकद असते. परवानगी नसते.

पहिल्या दिवशी मी हे फळ्यावर आकृती काढून समजावत होते. पंधरा मिनिटं झाली असतील. मागच्या खुर्चीवरून वाघमारे नावाचे एक रुग्ण म्हणाले, “म्हणजे मॅडम, माल गाडीत भरलाय, ड्रायव्हर बसलाय, पण गेटपासवर सही नाही.”

मी आकृती पुसली. नंतर ती पुन्हा कधी काढली नाही.

*

काळोखे अण्णा निघोज्याचे. त्यांच्या शेताच्या जागी आता एक कारखाना आहे, आणि त्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये त्यांची जुनी विहीर बुजवलेली आहे. त्यांना ‘पार्किन्सन’ हा शब्द काही केल्या म्हणता येईना. पहिल्या भेटीत मी विचारलं, काय त्रास होतो. अण्णा म्हणाले, “मला पार्किंग झालंय.”

मी दुरुस्ती केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“न्हाई बाई, तुमी म्हंता ते आसंल. पर उभा केला की जागचा हालत न्हाई. मंग पार्किंगच की.”

वर्गात आता सगळेच पार्किंग म्हणतात. मी सोडून.

*

वाघमारेंनी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या विभागात, बत्तीस वर्षं काम केलं. शिस्तीचा माणूस. अजूनही दहाच्या वर्गाला पावणेदहाला हजर असतात आणि उशिरा येणाऱ्याकडे नुसतं भिंतीवरचं घड्याळ बघून दाखवतात. त्यांचे पाय दारात गोठायचे. उंबरठा आला की तळवे फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे. धड पुढे जायचं आणि पाय मागे राहायचे. अशा वेळी माणूस तोंडावर पडतो, आणि ते दोनदा पडलेही होते. तिसऱ्या वेळी खुबा मोडेल या भीतीने त्यांच्या बायकोने घरातल्या सगळ्या दारांना उशा बांधल्या होत्या.

या गोठण्यावर एक साधा उपाय पुष्कळांना लागू पडतो. जमिनीवर आडव्या पट्ट्या दिसल्या की त्या ओलांडण्यासाठी पाय उचलला जातो. आपोआप चालण्याची वाट बंद झालेली असली, तरी डोळ्यांनी बघून मुद्दाम टाकलेलं पाऊल दुसऱ्या वाटेने जाऊ शकतं. मी बाजारातून जाड चिकटपट्टी आणली आणि हॉलच्या दारापासून आतपर्यंत हाताहाताच्या अंतरावर पट्ट्या चिकटवल्या. अण्णा टांगा टाकत निघून गेले. बाकीचेही गेले. वाघमारे पहिल्या पट्टीपाशी असे थांबले की आजवर तसे कधी थांबले नव्हते. कपाळावर घाम आला. मी म्हटलं, पट्टीकडे बघा आणि ओलांडा. ते हलेनात.

मला वाटलं, आजार वाढला. घाबरून नाडी बघितली. मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, पट्टी पिवळी आहे.”

“मग?”

“बत्तीस वर्षांत पिवळ्या पट्टीवर पाय टाकला नाही. टाकला की मेमो.”

कारखान्यात पिवळी पट्टी म्हणजे हद्द. तिच्या आत चालायचं. ती ओलांडली तर मशीनच्या तोंडात. मी पट्ट्या काढल्या आणि खडूने पांढऱ्या रेघा मारल्या. वाघमारे तिसऱ्या सेकंदाला हॉलच्या मध्यावर होते.

*

सुनील जाधव आमच्यातला सर्वांत तरुण, त्रेचाळीस वर्षांचा. मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं कंत्राटी कामगार म्हणून राबला आणि मग परमनंट झाला. हा शब्द तो ज्या आदराने उच्चारतो, त्या आदराने लोक देवाचं नाव घेत नाहीत. कंपवात त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर झाला. त्याने ते कंपनीला सांगितलं नव्हतं.

रिकामा असताना त्याचा उजवा हात थरथरतो. कंपवाताच्या थरथरीची खोड अशी, की हात कामात असला की ती बहुधा दबते. त्यामुळे सुनीलने हात रिकामा ठेवणंच बंद केलं. कँटीनच्या रांगेत हेल्मेट धरायचं, मीटिंगमध्ये पेन घट्ट पकडायचं, बसमध्ये दप्तराचा पट्टा. गोळ्यांच्या वेळा शिफ्टच्या वेळांशी जुळवलेल्या. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डोळे, कान आणि रक्तदाब बघतात. मेंदूच्या तळाशी कुणी बघत नाही.

त्याने हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा वाघमारे म्हणाले, “सुनीलभाऊ, तुझं बरं आहे. नोकरी परमनंट अन् आजारही परमनंट.”

सगळे हसले, सुनीलही हसला. मी विचारलं, “काम कोणतं करता?”

“क्रेन चालवतो, मॅडम.”

*

अण्णांचा पुढचा किस्सा त्यांच्या सुनेने सांगितला, कारण त्या वेळी अण्णांचे डोळे मिटलेले होते.

चाकणच्या चौकातून तळेगावकडे जाणारा रस्ता सकाळी ओलांडणं धडधाकट माणसालाही सोपं नाही. सून पलीकडे पोचली, वळून बघते तर अण्णा रस्त्याच्या मधोमध. पाय गोठलेले. डावीकडून कंटेनर लादलेला ट्रेलर येत होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. घाबरलं की गोठणं वाढतं, हे त्या ड्रायव्हरला कुणी सांगणार? दोन माणसं धावली आणि अण्णांना हातांना धरून ओढू लागली. ओढणं सर्वांत वाईट. धड येतं, पाय येत नाहीत. अण्णा धनुष्यासारखे वाकले.

कडेला भाजी घेऊन बसलेली एक बाई किंचाळत उठली आणि तिच्या हातातली मेथीची जुडी निसटून नेमकी अण्णांच्या पावलांपुढे पडली. अण्णांनी डोळे उघडले, खाली बघितलं, आणि भाजी तुडवू नये म्हणून पाय उचलला. दुसरा पाय मागोमाग आला. ते चालत कडेला पोचले.

ट्रेलर त्यांच्यामागून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, असं सून म्हणाली.

अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, “डॉक्टरीणबाई, तुमच्या खडूपरीस मेथी भारी.”

*

शोभाताई दिघीच्या. त्यांचा हात थरथरत नाही, पाय गोठत नाहीत. त्यांचा चेहरा गोठला आहे. चेहऱ्यावर भाव उमटणं हीसुद्धा हालचालच; तिचीही परवानगी खालूनच लागते. आत आनंद झाला तरी बाहेर काही हलत नाही, पापणीही क्वचित लवते. मुलीच्या डोहाळजेवणात त्या अशा चेहऱ्याने बसल्या की व्याह्यांना वाटलं, आपल्याकडून मानपानात काही राहिलं.

ते निभावलं. निभावलं नाही ते पुढचं. नात दीड वर्षाची झाली आणि आजीने उचलून घेतलं की रडू लागली. बाळ माणसाच्या चेहऱ्यावरून माणूस वाचतं. या चेहऱ्यावर त्याला वाचायला काही मिळत नव्हतं. शोभाताई आरशासमोर बसून हसण्याचा सराव करू लागल्या, आणि एक दिवस तोही बंद केला.

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “आरशातल्या बाईची मलाही भीती वाटते.”

तोडगा अण्णांनी काढला. हसू दिसत नसंल तर सांगायचं. तेव्हापासून वर्गात कुणी विनोद केला की शोभाताई, चेहऱ्याची एक रेघ न हलवता, सपाट आवाजात जाहीर करतात, “मी हसले.” त्यावर बाकीचे मूळ विनोदापेक्षा जास्त हसतात. नातीलाही त्या तसंच सांगतात. ती आता रडत नाही, “आजी हसली” म्हणून टाळ्या वाजवते.

*

आणि हा सुनीलने गंमत म्हणून सांगितलेला किस्सा.

त्याची क्रेन छताखालून, रुळांवरून जाणारी. ऑपरेटर खाली जमिनीवर उभा असतो आणि त्याच्या हातात वरून लोंबणारा बटणांचा डबा असतो. बटण दाबून धरलं की भार सरकतो, सोडलं की थांबतो. रचना मुद्दाम तशी केलेली. ऑपरेटरला चक्कर आली, तो कोसळला, तरी बोट सुटेल आणि भार थांबेल.

त्या दिवशी साखळ्यांना चार टनांची डाय होती. पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. सुनीलचा जोडीदार ती जागेवर बसवायला हाताने दिशा देत होता. त्याने मूठ वळली. मूठ म्हणजे थांब.

“मी थांबलो की, मॅडम. मनात थांबलो. बोटाला उशिरा कळलं.”

डाय वीतभर पुढे गेली. जोडीदाराने पंजा मागे ओढला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, “भावा, झोपलास काय?” सुनील हसला, तोही हसला, आणि दोघं चहाला गेले.

हे सांगून सुनीलने आमच्याकडे बघितलं. वाघमारे खाली बघत होते. बत्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेल्या माणसाला वीतभर म्हणजे किती ते ठाऊक असतं.

शोभाताई म्हणाल्या, “मी हसले नाही.”

थरथर सगळ्यांना दिसते, म्हणून लोक थरथरीला घाबरतात. मी घाबरले ते त्या बोटाला. दाबायला जितकी परवानगी लागते, तितकीच सोडायलाही लागते. यंत्र बनवणाऱ्याने माणूस कोसळेल हे गृहीत धरलं होतं. माणूस उभाच आहे, शुद्धीत आहे, बोट उचलायचं त्याने ठरवलंही आहे, आणि बोट उचललं जात नाही, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

*

पुढच्या गुरुवारी सुनीलबरोबर त्याची बायको सारिका आली. हातात डबा होता. वर्गातल्या सगळ्यांसाठी तिने धपाटे केले होते, माझ्यासाठी वेगळे बांधून आणले होते, वर दह्याची चटणी.

मी म्हटलं, याची काय गरज होती. ती म्हणाली, “असं कसं मॅडम, तुमच्यामुळंच तर झालं. तुम्ही सांगितलं म्हणून यांनी कंपनीत सांगितलं, आन् कंपनीनं बी समजून घेतलं. क्रेनवरून काढून स्टोअरला बसवलं. आता मला झोप लागायलीय.”

तिच्या मागे उभा असलेला सुनील माझ्याकडे बघत होता. उजव्या हातात हेल्मेट नव्हतं, पेन नव्हतं, काही नव्हतं.

मी डबा घेतला. ‘बरं झालं’ असं काहीतरी पुटपुटले. रुग्णाची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून कुणाला सांगायची नाही, बायकोलाही नाही, हा नियम मला मान्य आहे आणि त्यामागचं कारणही मान्य आहे. धपाटे मला गेले नाहीत.

तिला पाठवून सुनीलला थांबवून घेतलं. मी त्याला दोन आठवड्यांची मुदत दिली. कंपनीत त्याने स्वतः, खरोखर सांगावं. नाही सांगितलं, तर मी त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना भेटणार आणि ते कंपनीच्या डॉक्टरांशी बोलणार. तो म्हणाला, हा माझ्या पोटावर पाय आहे. मी म्हटलं, तुझ्या डायखाली दुसऱ्याचा पंजा आहे. इतक्या वर्षांत रुग्णाला अरेतुरे करण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि आम्हां दोघांच्याही ते तेव्हा लक्षात आलं नाही.

ते दोन आठवडे मी रोज सकाळी मोबाइलवर चाकणच्या बातम्या बघत होते. कारखान्यातला अपघात, अशी ओळ आली की आधी कंपनीचं नाव शोधायचे, मग बाकीचं वाचायचे. औषध दोन दिवस चुकलं तर बोट किती उशिरा उचललं जाईल, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शोधलं.

*

मुदत गुरुवारी संपत होती. त्याच आठवड्यात एका कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहात ‘कंबर आणि मान’ या विषयावर बोलायचं बोलावणं आलं. पत्ता बघितला, तर सुनीलची कंपनी. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही येणार म्हणं.”

“हो.”

“मला वळखू नका.”

मी म्हटलं, ओळख दाखवणार नाही. गुरुवार मात्र गुरुवारच आहे.

शेडबाहेरच्या मोकळ्या जागेत चारशे लोक रांगांत उभे होते. बाजूच्या मांडवात कुटुंबीयांना बसवलं होतं. पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, सारिका होती. तिने मला बघून मान लववली. मी व्यासपीठाखाली प्लँट हेडच्या शेजारी बसले.

सूत्रसंचालकाने सांगितलं, सुरक्षेची शपथ या वर्षी आपला एक कामगार बंधू देईल. गेली सात वर्षं, आणि आजही, आपल्या शॉपमधली सर्वांत जड डाय ज्यांच्या हातून हलते आणि ज्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही, ते क्रेन ऑपरेटर, सुनील जाधव.

टाळ्या पडल्या. सारिकाने टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर वळवली.

शपथेची रीत सगळ्या कारखान्यांत सारखीच. उजवा हात समोर ताठ धरायचा, पुढच्याने एक वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी ते जसंच्या तसं म्हणायचं. सुनीलने डाव्या हातात कागद धरला, माइक समोर उभा होता. उजवा हात पुढे केला. चारशे हात पुढे झाले.

कंपवाताचा हात ताठ धरला की थरथर क्षणभर नाहीशी होते आणि काही सेकंदांनी परत येते. मी मनात मोजत होते.

“मी अशी शपथ घेतो की,” सुनील म्हणाला.

“मी अशी शपथ घेतो की,” चारशे जण म्हणाले.

“मी माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या जिवाची काळजी घेईन.”

ते म्हणून होईपर्यंत हात सुरू झाला होता. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपरापासून सगळा. कामगारांच्या पहिल्या रांगेत त्याचा जोडीदार उभा होता. तो त्या हाताकडे बघत होता. सुनीलने कागद खाली केला. मांडवाकडे बघितलं. माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मला कंपवात झालाय,” तो म्हणाला.

“मला कंपवात झालाय,” चारशे जण म्हणाले. सवयीने. माझ्या शेजारी हात पुढे करून बसलेले प्लँट हेडसुद्धा म्हणाले, आणि मग त्यांनी वर बघितलं.

“तीन वर्षं झाली. मी लपवलं.”

या वेळी मागच्या रांगा म्हणाल्या, पुढच्या म्हणाल्या नाहीत. सूत्रसंचालक माइककडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. हात कुणीच खाली घेतला नव्हता.

सुनीलच्या तोंडातून आता कागदावरची भाषा गेली होती.

“मला लई भ्या वाटायलंय,” तो म्हणाला.

मग त्याच्या जोडीदाराने घसा साफ केला, पुढे धरलेला पंजा आणखी ताठ केला आणि मोठ्याने म्हणाला, “मला लई भ्या वाटायलंय.” आणि त्याच्या मागून, कोकणातले, खानदेशातले, बिहारमधले, ज्याला जसं जमलं तसं, सगळे म्हणाले.